मैदानाकडे पाठ

माझ्या वडिलांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यांना पंधरा-सोळा वर्षे बंदोबस्त केला आणि त्यांपैकी एकही सामना त्यांनी धडपणे पाहिला नाही. अण्णा पोलीस खात्यात हवालदार होते. तरुणपणी ते स्वतः पेठेच्या संघातून खेळले होते, डाव्या पायाच्या फटक्याबद्दल गल्लीत त्यांचे थोडेफार नावही होते. पण ज्या दिवशी दोन कट्टर पेठा समोरासमोर येत, त्या दिवशी ते मैदानाकडे पाठ आणि गॅलरीकडे तोंड करून उभे असत. पाठीमागे काय चालले आहे, हे त्यांना समोरच्या चेहऱ्यांवरून कळे. चेंडू गोलजवळ आला की पुढच्या ओळीतली माणसे बुडाखालचा कागद सोडून उठत, फ्री किकच्या वेळी हलगी थांबे, आणि पंचाचा निर्णय पटला नाही की आरडाओरडा आधी वरच्या पायऱ्यांवर सुरू होऊन मग खाली उतरे. घरी आल्यावर मी सामन्याबद्दल विचारले की ते म्हणत, "मॅच बघायला लोक तिकीट काढत्यात, पोरी. मला पगार लोक बघायचा मिळतोय."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हे थोडे समजावून सांगायला हवे. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावे वाचली तरी लक्षात येते की हा खेळ तालमीच्या मातीशेजारी वाढला. गोलरक्षक हा शेजारच्या गल्लीतल्या दूधवाल्याचा मुलगा असतो, बचावपटूचे लग्न आपल्या मावसबहिणीशी झालेले असते, आणि त्यामुळे मैदानावर झालेला अपमान घरापर्यंत येतो. विश्वचषक आला की याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात, चौकाचौकांत खेळाडूंचे भलेमोठे फलक उभे राहतात आणि हजारो मैलांवरच्या पराभवावरून इथे दोन मित्र आठवडाभर बोलत नाहीत. अशा गावातले भांडण शेवटच्या शिट्टीबरोबर संपत नाही, ते मोटारसायकलीवर बसून चौकात जाते.

पोलिसाच्या दृष्टीने यात अडचण आहे तशी सोयही आहे, कारण भांडणारा अनोळखी नसतो. कोणत्या कोपऱ्यातून पहिली बाटली येईल, हे अण्णांना साधारण ठाऊक असे. सामना सुरू होण्यापूर्वी ते त्या कोपऱ्यात जाऊन एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवीत आणि विचारीत, "काय रं, आईला बरं हाय न्हवं आता?" त्या मुलाला कळायचे ते कळे. याला पोलीस शास्त्रात काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण लाठीपेक्षा ही चौकशी जास्त उपयोगी पडत असावी असा माझा अंदाज आहे.

त्यांची दुसरी एक सवय मात्र तेव्हा मला विचित्र वाटे. ड्यूटी लागली की मैदानावर पोहोचताच ते प्रत्येक फाटकाशी जाऊन एकच प्रश्न विचारीत: किल्ली कोणाकडे आहे? "ऑफिसात आहे" हे उत्तर त्यांना चालत नसे. किल्ली माणसाच्या खिशात हवी, तो माणूस फाटकापाशी हवा आणि त्याचे नाव आपल्याला ठाऊक हवे, असा त्यांचा आग्रह होता. सहकारी यावरून त्यांची चेष्टा करीत आणि "फाटकाचे हवालदार" म्हणत.

ही सवय कशासाठी होती, ते मला चौदाव्या वर्षी कळले. जिल्ह्यातल्या एका गावी फ्लडलाइटमधली स्पर्धा होती आणि मी मामांबरोबर अंतिम सामना पाहायला गेले होते. बांबू आणि फळ्यांची तात्पुरती गॅलरी होती. उत्तरार्धात एक गोल नाकारला गेला, पलीकडच्या बाजूने दगड आले, पोलीस लाठ्या घेऊन चढले आणि आमची सगळी बाजू एकदम एका अरुंद जिन्याकडे वळली. मला कोणी मारले नाही, कोणी शिवीही दिली नाही. माझ्या पुढे-मागे असलेली माणसे माझ्याइतकीच घाबरलेली होती आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मला आपल्या दोन हातांच्या मध्ये धरण्याचा प्रयत्न केला. आठवते ते एवढेच की काही क्षण माझे पाय फळीला टेकत नव्हते आणि तरीही मी पुढे चालले होते. छाती फुगवायला जागा नव्हती. खाली आल्यावर एक चप्पल गेल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली ती दगडफेकीची आणि लाठीमाराची. जिन्याबद्दल एक ओळही नव्हती, कारण जिन्यावर कोणी मेले नव्हते.

त्या एका ओळीच्या अभावाने माझा पुढचा पाठलाग केला असे म्हणावे लागेल. बँकेतल्या नोकरीत माझी कोलकात्याला बदली झाली, चार वर्षे तिथे राहिले आणि मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल या सामन्यांच्या गावात असल्यामुळे फुटबॉलच्या गर्दीचा विषय पुन्हा समोर येऊन उभा राहिला. कोल्हापूरकराला कोलकाता परके वाटत नाही. पेठेच्या जागी तिथे घोटी आणि बांगाल असतात, म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे आणि पूर्व बंगालमधून आलेले; ईस्ट बंगाल जिंकले की बाजारात हिलशाचा भाव चढतो आणि मोहन बागान जिंकले की कोळंबीचा. माझ्या कार्यालयात दोन्ही बाजूंचे लोक होते. सामन्याच्या आदल्या दिवशी ते एकमेकांना जे बोलत, ते ऐकून मला घरी आल्यासारखे वाटे. पण १६ ऑगस्टचा विषय निघाला की तेच लोक गप्प होत.

१६ ऑगस्ट १९८० रोजी या दोन संघांचा कलकत्ता लीगमधला सामना ईडन गार्डन्सवर होता. ईडन गार्डन्स हे क्रिकेटचे मैदान. पण शहरातल्या 'मैदान' नावाच्या मोकळ्या भागातली क्लबांची छोटी मैदाने एवढ्या गर्दीला पुरत नसल्याने मोठे सामने तिथे होत. दोन्ही संघांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये, एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसलेले होते. त्यांना वेगळे बसवण्याची काहीही व्यवस्था नव्हती. उत्तरार्धात ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि मोहन बागानचा बिदेश बसू यांच्यात झोंबाझोंबी झाली आणि पंच सुधीन चॅटर्जी यांनी दोघांनाही बाहेर काढले. मैदानावरचे प्रकरण तिथे मिटले, पण रणजी स्टँडच्या वरच्या मजल्यावर मारामारी पेटली. जे मारामारीत होते ते होते. त्यांच्या कितीतरी पट अधिक लोक फक्त तिथून बाहेर पडू पाहत होते. बाहेर पडायचे तर जिना, आणि जिना अरुंद. काही जण जिन्यावर चिरडले गेले, काहींनी वरून उड्या टाकल्या. सोळा प्रेक्षक गेले. फुटबॉल पाहायला गेलेली, संध्याकाळच्या बसने घरी परतणार असलेली सोळा माणसे.

त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात दर वर्षी या तारखेला फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात आणि रक्तदान शिबिर घेतात. माझ्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी, कट्टर मोहन बागानवाले, दर वर्षी तिथे जाऊन रक्त देत. मी एकदा त्यांना विचारले की त्या दिवशी चूक कोणाची होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की लोक पालित आणि बिदेश यांची नावे घेतात, पंचाचे नाव घेतात, पण जिन्याला नाव नसते.

मी हे वाक्य ऐकले तेव्हा मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा जिना माहीत नव्हता. त्या जिन्याला नाव नव्हते, तरी क्रमांक होता: तेरा. तिथल्या रेंजर्स आणि सेल्टिक या फुटबॉल क्लबांचे वैर कोलकात्याच्या वैरापेक्षाही कडवे आहे, कारण त्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हा भेद मिसळला आहे. २ जानेवारी १९७१ रोजी हे दोन संघ रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर खेळत होते. अगदी शेवटी सेल्टिकच्या जिमी जॉनस्टनने गोल केला आणि लगेच, जादा वेळेत, रेंजर्सच्या कॉलिन स्टीनने बरोबरी साधली. हजारो लोक बाहेर निघाले. तेरा क्रमांकाच्या जिन्यावर, उतारावर, कोणीतरी अडखळले आणि मागून येणाऱ्या गर्दीला ते कळले नाही. जिना उंच आणि खडा होता, त्याचे लोखंडी कठड्यांनी लांबट पट्टे पाडलेले होते आणि त्यामुळे बाजूला सरकायलाही वाट नव्हती. सहासष्ट जण मेले, त्यांतले बहुतेक गुदमरून. दोनशेहून अधिक जखमी झाले. मृतांत मार्किंच नावाच्या एका छोट्या गावातली, बरोबर सामना पाहायला आलेली पाच मुले होती.

या घटनेनंतर एक कहाणी पसरली आणि ती अजून सांगितली जाते. सेल्टिकच्या गोलनंतर निराश होऊन निघालेले रेंजर्सचे समर्थक स्टीनच्या गोलचा जल्लोष ऐकून मागे फिरले, खाली उतरणाऱ्यांवर आदळले आणि म्हणून चेंगराचेंगरी झाली, अशी ती कहाणी. ऐकायला ती पटते, तिच्यात नाट्य आहे आणि तिचा एक फायदा असा की दोष अतिउत्साही प्रेक्षकाच्या माथी जातो. चौकशीत ती टिकली नाही. सगळी गर्दी एकाच दिशेने, खाली, जात होती. कोणीही मागे फिरले नव्हते. शिवाय हा जिना नवा गुन्हेगार नव्हता: १९६१ मध्ये त्याच जिन्यावर दोघे मेले होते आणि १९६७ व १९६९ मध्येही तिथे माणसे जखमी झाली होती. १९७४ मध्ये न्यायालयाने क्लबला जबाबदार धरले. तीनदा इशारा देऊन चौथ्यांदा मारणाऱ्या जिन्याबद्दल मी जेव्हा वाचले, तेव्हा मला माझी हरवलेली चप्पल आठवली आणि वर्तमानपत्रात न आलेली ती ओळही.

या दोन जिन्यांच्या मध्ये ठेवावी अशी आणखी एक घटना आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची मेख तिच्यात आहे. १० मे १९८० रोजी, म्हणजे ईडन गार्डन्सच्या घटनेच्या तीन महिने आधी, ग्लासगोच्याच हॅम्पडेन मैदानावर स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना याच दोन संघांत झाला. सेल्टिक १-० असे जिंकले, त्यांचे समर्थक कुंपण ओलांडून मैदानात उतरले, समोरून रेंजर्सचे उतरले आणि बाटल्या, दगड, लाथा-बुक्क्या यांची लढाई सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. पोलीस बहुतांशी मैदानाबाहेर होते. शेवटी घोडेस्वार पोलिसांनी आत येऊन दोन जमाव वेगळे केले. त्या चित्राने संसद हादरली आणि स्कॉटलंडच्या मैदानांवर दारूबंदी आली. पण त्या लढाईत कोणीही मेले नाही. शेकडो माणसे एकमेकांना मारायच्या इराद्याने एका मोकळ्या हिरवळीवर भिडली आणि जिवंत घरी गेली. आयब्रॉक्सच्या जिन्यावर कोणाचाच कोणाला मारण्याचा इरादा नव्हता आणि तिथे सहासष्ट प्रेते पडली.

बंदोबस्ताची आखणी मात्र जगभर अजूनही हॅम्पडेन डोळ्यांसमोर ठेवून होते. किती पोलीस, किती होमगार्ड, किती शीघ्र कृती दलाच्या तुकड्या, कोणत्या बाजूला जाळी, कोणत्या बाजूला पाण्याचा फवारा, बाटल्या आणि नाणी आत जाऊ द्यायची की नाहीत. हे सगळे आवश्यक आहे, मी ते नाकारत नाही. ९ डिसेंबर २०१२ च्या कोलकात्याच्या सामन्यात मोहन बागानचा कर्णधार ओडाफा बाहेर काढला गेल्यानंतर प्रेक्षकांतून आलेला दगड त्याच संघाच्या रहीम नबीच्या तोंडावर लागला, संघाने उत्तरार्धात उतरायला नकार दिला आणि पुढे बंदी, दंड, वजा केलेले गुण असे मोठे प्रकरण झाले. दगड हा खराच धोका आहे. पण दगड दिसतो, दगड मारणाऱ्याला पकडता येते आणि पकडल्याचे छायाचित्र देता येते. एका चौरस मीटरमध्ये उभ्या असलेल्या माणसांची संख्या चारावरून सहा-सात झाली, हे खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. त्या दाटीत माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी पाण्यासारखी हलते आणि माणसे उभ्या उभ्या गुदमरतात.

आयब्रॉक्सनंतर ब्रिटनमध्ये १९७५ साली क्रीडामैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्याच्या दोन वर्षे आधी एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली, जिची नवी आवृत्ती आजही वापरात आहे. तिच्यातला एक आकडा मला अण्णांच्या किल्लीइतकाच आवडतो. सपाट वाटेवरून एका मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे सुखरूप जाऊ शकतात, जिन्यावरून फक्त ६६. आणि आणीबाणीत मैदान रिकामे व्हायला आठ मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये. आता साधा हिशेब करावा. चार हजार माणसांची एक गॅलरी आहे आणि तिला दोन मीटर रुंदीचा एक जिना आहे. मिनिटाला १३२ माणसे उतरणार, म्हणजे सगळ्यांना उतरायला अर्धा तास लागणार. आठ मिनिटांत उतरवायचे तर तसे चार जिने हवेत. हा हिशेब करायला पोलीस लागत नाही, चौथीतले मूल लागते. तो न करता गॅलरीखाली चारशे पोलीस उभे केले तरी जिना रुंद होत नाही. उलट त्यांनी लाठी उगारली तर अर्ध्या तासाची वाट सगळ्यांना एका मिनिटात हवी असते.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांग शहरात, कांजुरुहान मैदानावर, नेमके हेच झाले. अरेमा आणि सुराबायाचा पर्सेबाया हे तिथले हाडवैरी. भांडण होऊ नये म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना त्या सामन्याला येऊच दिले नव्हते. म्हणजे मैदानात एकाच बाजूचे लोक होते आणि मारामारी करायला समोर कोणी नव्हते. सामना दुपारी घ्यावा अशी पोलिसांची विनंती होती, ती प्रक्षेपणाच्या सोयीसाठी मानली गेली नाही आणि खेळ रात्री आठला सुरू झाला. ३८ हजारांच्या मैदानावर ४२ हजार तिकिटे विकली गेली. तेवीस वर्षांत प्रथमच पर्सेबायाकडून घरच्या मैदानावर हार झाल्यावर काही अरेमा समर्थक मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तो मैदानावर सोडला तसा भरलेल्या स्टँडवरही सोडला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये अशा वायूला मनाई आहे. डोळे चोळत लोक दरवाजांकडे धावले. दरवाजे अरुंद होते आणि त्यांतले काही पुरते उघडलेले नव्हते. १३५ माणसे मेली, त्यांत दोन पोलीसही होते.

मी ही बातमी अण्णांना फोनवर वाचून दाखवली होती. ते तोवर निवृत्त झाले होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "किल्ल्या कुणाकडं हुत्या?" मला उत्तर देता आले नाही.

इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण तो वैराचा सामना नव्हता. पण १९८९ च्या त्या दुपारी ज्या लोखंडी कुंपणावर दाबली जाऊन माणसे मेली, ते कुंपण हुल्लडबाजांना मैदानात उतरू न देण्यासाठी बांधलेले होते, एवढे सांगणे भाग आहे. मृतांची संख्या आज ९७ धरतात. प्रेक्षकच दारू पिऊन दांडगाई करत होते, हा पोलिसांनी केलेला आरोप खोडून निघायला आणि ते मृत्यू पोलिसांच्या घोर निष्काळजीपणाने झाले, असा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडले.

महाराष्ट्राला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनाकडे निघालेला गोवारी समाजाचा मोर्चा पोलिसांनी अडवला, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत बायका आणि मुले अधिक होती. तिथे फुटबॉल नव्हता. पण अडथळा पुढे, लाठी एका बाजूला आणि मागे न थांबणारी गर्दी ही रचना तीच होती. हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्ताला राज्यभरातून पोलीस जातात. अण्णा त्या वर्षी गेले नव्हते, पुढच्या वर्षी गेले. परतल्यावर त्यांनी त्या जागेचे वर्णन केले नाही. आईला एवढेच म्हणाले की रस्ता तसा रुंद आहे. फाटकांच्या किल्ल्या विचारण्याची त्यांची सवय त्यानंतरची, असे आई म्हणते; अण्णा म्हणतात की ती आधीपासूनच होती. मी दोघांवरही विश्वास ठेवते.

अलीकडे या प्रश्नावर एक सोपा तोडगा निघाला आहे: सामनाच नको, किंवा एका बाजूचे प्रेक्षक नकोत, किंवा सामना दुसऱ्या गावी न्यावा. अर्जेंटिनाने २०१३ मध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकांना बंदी घातली आणि तरी हिंसा थांबली नाही, कारण एकाच क्लबाच्या टोळ्या आपसात लढू लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये गंगासागर मेळ्यामुळे पोलीस पुरेसे नाहीत म्हणून कोलकात्याचा सामना गुवाहाटीला गेला. हे कारण मला तरी खरे आणि समजण्यासारखे वाटले. १८ ऑगस्ट २०२४ चे मात्र मला अजून पचलेले नाही. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येनंतर शहर पेटलेले होते, सामन्यात घोषणा होतील हे उघड होते आणि बंदोबस्ताला मनुष्यबळ नाही म्हणून ड्युरँड चषकातला सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे समर्थक एकत्र जमले, एकमेकांच्या खांद्यांवर बसून त्यांनी न्याय मागितला, शहरातल्या तिसऱ्या क्लबाचे, मोहम्मेडनचे लोकही त्यांना येऊन मिळाले आणि त्यांना पांगवायला मोठा पोलीस फौजफाटा हजर झाला. लाठ्याही चालल्या. सामन्याला न मिळालेले पोलीस सामना नसताना कुठून आले, हा प्रश्न त्या रात्री कोलकात्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी मला फोनवर विचारला, जणू काही हवालदाराची मुलगी म्हणून त्याचे उत्तर माझ्याकडे असावे.

ज्या पोलिसाला दोन पेठांतले भांडण माहीत असते, त्याला ते हाताळता येते. ज्याला प्रेक्षक म्हणजे फक्त संभाव्य दंगेखोर वाटतो, तो त्याला थोपवू शकतो, बाहेर काढू शकत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनावर एक चांगली पुस्तिका काढली आहे. ती किती मैदानांच्या कार्यालयांत आहे यापेक्षा ती वाचून किती फाटकांची मापे घेतली गेली, हे मला अधिक जाणून घ्यावेसे वाटते.

कोलकात्याच्या माझ्या शेवटच्या वर्षी अण्णा आणि आई महिनाभर माझ्याकडे राहायला आले होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी सॉल्ट लेकचे स्टेडियम नव्याने सजवून झाले होते. तिथल्या मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल सामन्याला येण्यास आईने साफ नकार दिला, म्हणून मी दोनच तिकिटे काढली. दोन्ही संघांच्या समर्थकांची फाटके वेगळी होती, रस्तेही वेगळे होते आणि झडतीत माझी पाण्याची बाटली गेली. बाहेरून वरच्या मजल्याकडे जाणारे रुंद उतार पाहून अण्णा मध्येच थांबले, लोकांना वाट देत कडेला सरकले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजू लागले. "पायऱ्या न्हाईत बघ," असे म्हणून त्यांनी चप्पल जमिनीवर घासून पाहिली. मग आम्ही वर गेलो आणि खेळ सुरू झाल्यावर मला असा एक माणूस दिसला, ज्याची माझी ओळख नव्हती. निवृत्त हवालदार खुर्चीच्या कडेवर बसून, मुठी आवळून, बंगालीत शिव्या देणाऱ्या तरुणांच्या बरोबरीने कोल्हापुरी मराठीत पंचाला शिव्या देत होता. आपण कोणाच्या बाजूने आहोत, हे त्यांनी दहाव्या मिनिटालाच ठरवून टाकले होते आणि कारण विचारल्यावर म्हणाले की त्यांचा डावखुरा चांगला आहे.

मला मात्र सामना पाहता येईना. मी मागे वळून वरच्या ओळी पाहत होते. आमच्या भागाच्या टोकाला जाळीचे एक फाटक होते आणि त्याला साखळी लावलेली दिसत होती. वीस मिनिटे मी ती साखळी पाहिली आणि शेवटी उठून तिथे गेले. तिथे एक तरुण शिपाई उभा होता, मैदानाकडे पाठ करून. माझ्या मोडक्या बंगालीत मी त्याला विचारले की या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे. त्याने माझ्याकडे थोडे संशयाने पाहिले, मग शर्टाच्या खिशात हात घालून दोरीला बांधलेली किल्ली बाहेर काढली, मला दाखवली आणि पुन्हा खिशात टाकली. तेवढ्यात सगळा स्टँड एकदम उभा राहिला आणि आवाजाने पायाखालचे काँक्रीट थरथरले. शिपायाने मान वळवली नाही, तो समोरच्या माणसांकडेच पाहत राहिला. मी परत आले तेव्हा अण्णा उभेच होते, त्यांचा आवाज बसला होता आणि माझ्यावर ते खरोखरच चिडले होते.

"आत्ताच कुठं गेलीस? गोल झाला की!"